खडेबाजारालगतचे जुन्या वस्तूंचे दुकान: पारखून घेऊ देणारे, पण डोळे उघडे ठेवून जावे असे

बेळगावात खडेबाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत जुनी नाणी, समया, पानाचे डबे आणि अडकित्ते विकणारे एक लहानसे दुकान आहे. गेल्या तीन वर्षांत मी तेथून पाच-सहा वस्तू घेतल्या. वस्तू हातात घेऊन, भिंगातून पाहून, हवे तर चार दिवसांनी पुन्हा येऊन ठरवण्याची मोकळीक येथे मिळते, आणि हाच या दुकानाचा मोठा गुण आहे.

मागच्या महिन्यात मला व्हिक्टोरिया राणीचा 1862 चा चांदीचा रुपया दिसला. "पहिल्या सालचा आहे, मिळत नाही," असे सांगून दुकानदार काकांनी भाव चढा लावला होता. वास्तविक 1874 पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही 1862 हेच साल कायम ठेवलेले असल्यामुळे नुसत्या सालावरून तो दुर्मीळ ठरत नाही. या रुपयाचे मूळ वजन 11.66 ग्रॅम असते. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तो 11.52 भरला, म्हणजे वापरातील झिजेच्या मानाने योग्यच. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला जोडाची रेघ राहते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. येथे कडेचे दाते सलग आणि स्वच्छ होते. काकांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि भाव उतरवला.

मात्र शेजारच्याच ताटलीत रामदरबाराचे चित्र, 1818 साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली तांब्याची नाणी 'कंपनी सरकारची' म्हणून ठेवलेली आहेत. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. कित्येक घरांत ती श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवली जातात, म्हणून तर ही फसवणूक मला अधिक बोचते. दोनदा सांगूनही ती ताटली हललेली नाही.

समयांच्या बाबतीतही सावध असावे. हिरवा थर ओल्या फडक्याने सुटत असेल, किंवा हात लागतो ती जागाही खोलगट नक्षीइतकीच काळवंडलेली असेल, तर तो जुनेपणा मुद्दाम चढवलेला समजावा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती घ्यायची झाल्यास 1972 च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्यानुसार नोंदणीचे कागद आधी मागावेत.

पावतीवर पूर्वी 'जुना रुपया, 1 नग' एवढेच लिहिलेले असे. या खेपेस मी आग्रह धरला, तेव्हा काकांनी साल, धातू आणि वजन लिहून खाली सही केली.