एक्स-रे, सीटी की एमआरआय? हाड मोडल्याचा संशय असताना काय सांगावे

हातापायाला मार लागलेला रुग्ण आला की पहिली तपासणी साधा एक्स-रे, याला अपवाद थोडे. खरी अडचण पुढे येते. एक्स-रेची फिल्म नॉर्मल आहे आणि रुग्णाला पाय टेकवत नाही. अशा वेळी सीटी (एक्स-रे किरणांनीच शरीराचे पातळ काप दाखवणारा स्कॅन) सांगायचा, एमआरआय (चुंबकाच्या मदतीने चित्र काढणारा स्कॅन) सांगायचा, की प्लास्टर घालून थांबायचे? यंत्र किती भारी आहे ते इथे बघायचे नसते. हाड कोणते, शंका कशाची आणि रुग्ण स्कॅनच्या टेबलावर नेण्याइतका स्थिर आहे का, एवढेच बघायचे.

मुळात 'नॉर्मल' म्हणण्याआधी फिल्म नीट काढली आहे का ते तपासा. नजरेतून सुटलेल्या फ्रॅक्चरपैकी बरीच यंत्राच्या मर्यादेमुळे सुटत नाहीत, व्ह्यू (फिल्म काढण्याची दिशा) चुकल्यामुळे सुटतात. एकमेकांना काटकोनात असलेले दोन व्ह्यू हवेतच, कारण एपीवर (समोरच्या फिल्मवर) सरळ दिसणारे हाड लॅटरलवर (बाजूच्या फिल्मवर) पूर्ण सरकलेले असू शकते. लांब हाड असेल तर वरचा आणि खालचा सांधा फिल्ममध्ये आला पाहिजे. अल्ना (कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी एक) मोडलेली दिसली आणि कोपर फिल्मबाहेर राहिले, तर दुसऱ्या हाडाचे, म्हणजे रेडियसचे, कोपरापाशी निखळलेले डोके हमखास नजरेतून सुटते. फिट किंवा विजेच्या धक्क्यानंतर खांदा मागे निखळतो आणि एपीवर तो चक्क ठीक वाटतो; अ‍ॅक्झिलरी (काखेतून) किंवा वाय व्ह्यू (खांद्याच्या पात्याच्या बाजूने) काढल्याशिवाय तो सोडू नये. पावलाच्या मधल्या भागाला मार असेल तर शक्य तेव्हा वजन टाकून फिल्म घ्यावी. झोपवून काढलेल्या फिल्मवर पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलमधली (पावलाच्या लांब हाडांमधली) फट मिटलेली दिसते.

हाडाची रेघ दिसत नसली तरी फिल्म कधीकधी चुगली करते. कोपर ९० अंशांत वाकवून काढलेल्या खऱ्या लॅटरलवर मागचा फॅट पॅड (सांध्याजवळची चरबीची गादी) दिसला, की सांध्यात रक्त आहे असे धरावे: प्रौढात बहुधा रेडियसचे डोके, मुलात सुप्राकॉन्डायलर (दंडाच्या हाडाचे कोपराच्या जरा वरचे) फ्रॅक्चर. गुडघ्याच्या आडव्या किरणाच्या लॅटरलवर चरबी आणि रक्ताची सरळ पातळी दिसली, तर फ्रॅक्चर सांध्याच्या आत गेलेले आहे. ते फिल्मवर सापडले नाही तरी सीटी करावाच.

सीटीचे बळ गुंतागुंतीच्या हाडांत आहे. स्कॅन काही सेकंदांत होतो, १ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस मिळतात आणि तिन्ही प्रतलांत चित्र उभे राहते. टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) वरचा सांध्याचा भाग, टाच, खुब्याची वाटी, घोट्याजवळचे चुरा झालेले फ्रॅक्चर यांत फिल्म 'मोडले आहे' एवढेच सांगते. तुकडे किती, सांध्याचा पृष्ठभाग किती खचला, स्क्रू कुठून घालायचा, हे सर्जनला सीटीवरच कळते.

मानेचा हिशेब वेगळा. मानेच्या इजेत इमेजिंग कधी करायचे ते ठरवणाऱ्या कॅनेडियन सी-स्पाइन नियमात वय ६५ किंवा अधिक, धोकादायक प्रकारचा अपघात किंवा हातापायांत मुंग्या, यांपैकी काहीही असेल तर इमेजिंग लागतेच. मोठ्या अपघातातल्या प्रौढात ते थेट सीटीने करावे. फिल्मच काढायची वेळ आली तर लॅटरलवर सातवा मानेचा मणका आणि पहिल्या पाठीच्या मणक्याची वरची कडा दिसलीच पाहिजे. रुंद खांद्यांच्या माणसात हा भाग दिसत नाही आणि इजा नेमकी तिथेच दडते. एक मणका मोडलेला सापडला तर बाकीचा कणाही तपासा. दूरचा दुसरा मणका मोडलेला निघण्याचा प्रकार अजिबात दुर्मीळ नाही.

किरणांचे वजनही करावे. हातापायाच्या एका फिल्मचा डोस सुमारे ०.००१ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजण्याचे एकक), पोट-ओटीपोटाच्या सीटीचा साधारण ८ ते १० आणि निसर्गातून वर्षभरात मिळणारा जागतिक सरासरी डोस २.४. प्रौढाचा जीव धोक्यात असताना ही तुलना गौण ठरते. लहान मुलाच्या साध्या मनगटासाठी मात्र सीटी सांगणे अतिच.

एमआरआय हाडाच्या आतली सूज दाखवतो, म्हणून न सरकलेल्या फ्रॅक्चरसाठी तो सरस. पडल्यानंतर उभे राहता न येणारी वयस्कर व्यक्ती आणि खुब्याची नॉर्मल फिल्म, ही जोडी दिसली की घरी पाठवू नये. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा वेळी एमआरआय करावा. तो २४ तासांत होणार नसेल किंवा चालत नसेल तर सीटीचा विचार करावा. मात्र ठिसूळ हाडातली बारीक, न सरकलेली रेघ सीटीही चुकवू शकतो, तेव्हा सीटी नॉर्मल आणि दुखणे तसेच असेल तर शंका सोडू नये. मणक्यात मज्जारज्जू किंवा लिगामेंटचा (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांचा) प्रश्न असेल तरी एमआरआयच. अडचणी माहीत असलेल्याच: वेळ जास्त, रुग्णाने स्थिर पडून राहणे आवश्यक, काही पेसमेकर आणि धातूचे तुकडे चालत नाहीत.

स्कॅफॉइडवर, म्हणजे मनगटातल्या अंगठ्याच्या बाजूच्या छोट्या हाडावर, थोडे अधिक. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखते आणि स्कॅफॉइडचे खास व्ह्यूही नॉर्मल, तर जुनी पद्धत प्लास्टर आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फिल्म. ती चालते. पण लवकर एमआरआय झाला तर ज्यांना फ्रॅक्चरच नाही त्यांची प्लास्टरमधून सुटका होते. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून येते, त्यामुळे फ्रॅक्चर नजरेतून सुटले तर कोपराकडच्या बाजूचा तुकडा मरण्याची भीती असते.

सोनोग्राफीची जागा छोटी पण पक्की: मुलांचे मनगटाजवळचे साधे फ्रॅक्चर, बरगड्या आणि पोटातले रक्त. सांध्यात शिरलेल्या फ्रॅक्चरसाठी तिच्यावर भिस्त नको.

रुग्ण अस्थिर असेल तर वरची सगळी चर्चा बाजूला. छातीची आणि ओटीपोटाच्या हाडांची एपी फिल्म आणि फास्ट सोनोग्राफी (पोटात किंवा हृदयाभोवती रक्त आहे का ते पाहणारी झटपट तपासणी), तीही जागेवरच. पेल्व्हिक बाइंडर (ओटीपोटाची हाडे आवळून धरणारा पट्टा) बांधलेला असताना उघडलेले ओटीपोटाच्या हाडांचे कडे जुळून येते आणि फिल्म फसवी नॉर्मल दिसते. रुग्ण स्थिरावल्यावर बाइंडर सैल करून पुन्हा फिल्म घ्यावी. घोटा उघड निखळलेला आणि कातडी ताणून पांढरी पडलेली असेल तर फिल्मसाठी थांबू नका, आधी बसवा.

मागणीपत्रावर 'पाय दुखतो' एवढेच लिहिले तर तंत्रज्ञ कोणता व्ह्यू काढणार? नेमके कुठे बोट ठेवल्यावर दुखते, कसा पडला, डावा की उजवा, एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात.