बरं हाय की! सोलापुरातल्या तीन मधल्या हॉटेलांची तुलना

पुण्याहून साडूंचा फोन आला. रविवारी आठ जण येणार. तुळजापूरचं दर्शन उरकून संध्याकाळी सोलापुरात, रात्रीचं जेवण बाहेर आणि सोमवारी सकाळी सहाच्या सुमाराची वंदे भारत. "भाऊ, एखादं बरं हॉटेल बघून ठेवा. फार भारी नको, फार साधं नको." आठांमध्ये एक शाकाहारी विहीणबाई, दोघं बिअर घेणारे, सहा वर्षांचं एक पोर आणि स्वतः साडू, ज्यांना 'खरं सोलापुरी' खायचंय.

भारी हॉटेल शोधायला डोकं लागत नाही, पैसे लागतात. वाईट हॉटेल तर वासावरून कळतं. फसगत होते ती मधल्यांत. तिथं कुणी जीव ओवाळून टाकत नाही, कुणी शिव्याही देत नाही, आणि गावातली बहुतेक हॉटेलं तिथंच बसलेली असतात. मी तीन निवडली. नावं देत नाही. एक तर माझी स्वतःची एक तक्रार आहे, आणि दुसरं म्हणजे या तिन्ही साच्यांची दोन-चार हॉटेलं तुमच्याही भागात असतील.

पहिलं सात रस्त्याच्या बाजूचं एसी फॅमिली रेस्टॉरंट, खाली परमिट रूम, वर फॅमिली. दुसरा जुन्या पुणे नाक्यापलीकडे हायवेवरचा सावजी ढाबा. तिसरं नवी पेठेजवळचं शुद्ध शाकाहारी. नकाशावरचं रेटिंग अनुक्रमे ४.०, ३.९ आणि ४.१. म्हणजे रेटिंगवर ठरवायचं तर नाणंच उडवावं.

हे चार स्टार दोन तऱ्हांनी होतात. शंभर जणांनी प्रत्येकी चार दिले तरी सरासरी चार. पंचाहत्तर जणांनी पाच आणि पंचवीस जणांनी एक दिला तरी सरासरी चारच. पहिल्या ठिकाणी पाहुणे बिनधास्त न्या. दुसऱ्या ठिकाणी दर चौथं टेबल चिडून उठतंय, आणि ते टेबल आपलं असू शकतं. म्हणून आकड्याशेजारच्या आडव्या पट्ट्या बघाव्यात, पाचपासून एकपर्यंत कुठला स्टार किती जणांनी दिला ते त्यांवरून कळतं. आमच्या ढाब्याच्या पट्ट्यांत पाचची लांब, एकची बऱ्यापैकी, मधल्या तुटक. फॅमिली रेस्टॉरंटात चारची सगळ्यात लांब. आकडा जवळपास एकच, जात वेगळी. घरपोच मागवायच्या ॲपवरचं रेटिंग इथं धरू नका. बसून खाण्याचं आणि डिलिव्हरीचं रेटिंग वेगवेगळं. डबा गळला म्हणून दिलेल्या एका स्टारचा टेबलावरच्या जेवणाशी काय संबंध?

पाच स्टारवाली मतं मी वाचतच नाही. 'सुपर', 'नाइस', एक अंगठा आणि मालकाच्या भाच्याची कृपा. एक स्टारवाली वाचतो, पण त्यांत राग असतो, जेवण नसतं. गाडी घासली, वेटर फोनवर बोलत होता, वाढदिवसाचं गाणं लावलं नाही. तीन स्टारवाला मात्र हिशेबी माणूस. 'मटण चांगलं, भाकरीला वाट बघावी लागली, बाथरूम तेवढं सुधरा.' एका ओळीत कामाच्या तीन गोष्टी.

त्यातही तीन देणारा कुठला, हे बघावं. आपल्या गावात कौतुकाची कमाल म्हणजे "बरं हाय की". एवढं म्हणणारा पुढच्या रविवारी त्याच टेबलावर असतो. बाहेरच्याने तीन दिले म्हणजे तो परत येणार नाही. हा फरक सगळ्यात जास्त दिसतो तो ढाब्यावर, म्हणून ढाब्यावर जरा थांबू.

ढाब्याबद्दलच्या तक्रारी वाचल्या तर निम्म्या तक्रारी मुळात कौतुक आहेत. 'तेल फार.' अहो, रश्श्यावर तवंग नसेल तर आपला माणूस ताट परत पाठवेल. 'भाकरी गार आणि पापडासारखी कडक होती.' ती कडक भाकरीच होती! पातळ थापून, पार वाळेपर्यंत भाजलेली, आठवडे टिकणारी. ती मोडून रश्श्यात कुस्करायची असते किंवा शेंगा चटणी आणि दह्याबरोबर कुरकुरीत खायची असते. चूक ढाब्याचीही आहे. गरम पाहिजे का कडक, हे वेटरने विचारायला हवं, आणि तो विचारत नाही. तिसरी तक्रार विदर्भातल्यांची, 'हे सावजी नव्हेच.' त्यांचंही बरोबर. नागपूरचं सावजी तिथल्या हलबा कोष्टी विणकरांचं. आपल्याकडे सावजी म्हटलं की सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय, म्हणजे एसएसके समाजाच्या हातचं मटण. नाव एक, मसाला वेगळा.

पण सगळ्याच तक्रारी अशा झटकता येत नाहीत. 'रविवारी दीड तास थांबलो', ही खरी. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून परतणाऱ्या गाड्या आणि गावातली कुटुंबं एकाच वेळी तिथं आदळतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आणि आषाढात गटारीच्या आठवड्यात तर विचारूच नका. उलट श्रावणात तोच ढाबा ओस, आणि तेव्हाची मतं वाचली तर 'सर्व्हिस एकदम फास्ट'. तारीख बघितल्याशिवाय मत वाचू नये ते यासाठी. 'मटण चिवट' ही दुसरी खरी तक्रार, आणि ती बहुतेक रात्री दहानंतरची असते, कारण तोवर पहिलं पातेलं संपून घाईत दुसरं चढलेलं असतं.

ढाब्याची माझी परीक्षा मटणावर नसते, शेंगा चटणीवर असते. ताट आलं की चटणीची चिमूट दोन बोटांत दाबायची. उखळात कुटलेली असेल तर शेंगदाण्याचं तेल सुटलेलं असतं, गोळा होतो, बोटं चकचकतात आणि लसणाचा वास हात धुतल्यावरही रेंगाळतो. मिक्सरमध्ये फिरवलेली असेल तर भुसभुशीत, बोटांतून गळून पडते. जो चटणी कुटून घेतो तो मसालाही बहुधा घरचा वापरतो. या ढाब्याची चटणी कुटलेली आहे. माझ्या लेखी त्याचा ३.९ म्हणजे सव्वाचार.

आता फॅमिली रेस्टॉरंट. इथली कायमची तक्रार म्हणजे 'सगळ्या भाज्या एकाच चवीच्या.' कारण साधं आहे. अशा स्वयंपाकघरात सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्या करून ठेवतात. एक टोमॅटो-कांद्याची लाल, एक काजू-मगजबियांची पांढरी, एक परतलेल्या कांद्याची. मेनूकार्डावरच्या साठ नावांचं पोट या तिघींवर भरतं. व्हेज कोल्हापुरी आणि पनीर मसाल्यात फरक असतो तो तुकड्यांचा आणि वरून पडलेल्या तिखटाचा. पण म्हणूनच ऑर्डर पंधरा-वीस मिनिटांत टेबलावर येते, आणि भुकेलं पोर बरोबर असताना हा गुण लहान नाही. यांच्या कार्डावर 'सोलापुरी मटण' आहे. मागवू नका. लाल ग्रेव्हीत काळा मसाला टाकून ते सोलापुरी होत नाही. तंदुरी, डाळ तडका, जिरा राइस हे मात्र व्यवस्थित.

एसीबद्दल मतं दुभंगलेली आहेत. मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा 'एसी सांगितल्यावर लावतात' ही तक्रार रांगेने दिसते. डिसेंबरात एसीचं नावही निघत नाही. दुसरी तक्रार हात धुण्याच्या बेसिनची. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथं बेसिन आणि बाथरूम ही मालकाच्या दानतीची खूण आहे. टँकरचा खर्च तो गिऱ्हाइकासाठी करतो की नाही, ते तिथं कळतं. या ठिकाणी पाणी असतं, साबण कधी असतो कधी नसतो.

आणि परमिट रूम. पुण्याच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावं की पब म्हणून जे त्यांच्या डोळ्यांसमोर येतं ते इथं शोधू नये. बोर्डावर लाउंज लिहिलं तरी आत निळे दिवे, मोठा टीव्ही आणि चकण्याला मसाला पापड. खालच्या हॉलबद्दल लोक म्हणतात 'धूर', 'कल्ला', 'वेटर ओळखीच्यांनाच बघतो'. वरच्या फॅमिली हॉलची मतं वेगळीच आहेत, आणि दोन्हींची सरासरी एकाच आकड्यात शिजते. तुम्ही वर बसणार असाल तर खालची मतं वगळून वाचा. कायद्याने बिअरला वय २१, कडक दारूला २५ लागतं. 'परमिट' हा शब्दही मुंबई दारूबंदी कायद्यातून आलाय. पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, जो कुणी मागत नाही नि कुणी दाखवत नाही.

यावरून ढाब्याची एक अडचण निघते. तिथं दारूचा परवाना नाही. "बाटली गाडीतून आणा साहेब, स्टीलच्या ग्लासात देतो की," असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. विनापरवाना ढाब्यावर त्याच दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली मालकावर आणि कलम ८४ खाली पिणाऱ्यावर, दोघांवरही गुन्हा होतो. आपल्याकडे उत्पादन शुल्कवाल्यांनी अशा धाडी घातलेल्या आहेत. पाहुण्यांना सोलापूर दाखवायचंय, कोर्ट नाही.

शुद्ध शाकाहारीबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. मतं एकसुरी, 'स्वच्छ, पटकन, थाळी ठीक'. दुसऱ्याच्या टेबलावर बसवतात ही एक तक्रार, आणि साडेदहाला खुर्च्या उलट्या व्हायला लागतात ही दुसरी. विहीणबाईंसाठी उत्तम, बाकी सात जण माझ्याकडे बघत बसतील.

बिलाचं बोलू. फॅमिली रेस्टॉरंटात समजा जेवण ३,२०० आणि बिअर १,०००. जेवणावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे १६०. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये तो १० टक्के झाला, म्हणजे १००. एकूण ४,४६०. आमच्या मागच्या खेपेला याच्यावर सर्व्हिस चार्जची एक ओळ होती, न विचारता. मी विचारलं, तर काउंटरवरचा म्हणाला, "सिस्टीममधनं येतंय सर." सिस्टीममधून येतंय म्हणे! जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हा चार्ज आपोआप लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. एवढं ऐकवल्यावर त्याच सिस्टीममधून तो गेलाही. पण बायको दारात उभी, पोरं झोपेला आलेली, आणि मी काउंटरवर भाषण करतोय. त्या रात्री मी तीनच स्टार दिले. जेवण चारचं होतं.

ढाब्यावर बहुधा हा गुंता नसतो. छोटी हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या सोयीत, असली की कर स्वतःच्या खिशातून भरतात, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेऊ शकत नाहीत. अशा बिलावर जीएसटीची ओळ दिसली तर विचारा.

मग ठरवायचं कसं? हॉटेल चांगलं कुठलं हा प्रश्नच मी सोडून दिला. तिन्ही ठिकाणी काही ना काही बिघडणार आहे. त्यातलं काय आपल्या माणसांना चालेल, एवढंच बघितलं. दीड तास थांबणं पोराला चालणार नाही. एका चवीच्या भाज्या विहीणबाईंना चालतील, पण शेजारून मटणाचं पातेलं गेलेलं चालणार नाही. ढाब्याला फोन करून "व्हेजची भांडी वेगळी आहेत का?" विचारलं, तर "हायत की" इतक्या झटक्यात आलं की माझा विश्वास बसला नाही. फॅमिली रेस्टॉरंटातही नॉनव्हेज आहेच, पण निदान वरच्या हॉलचा एक कोपरा तरी व्हेजवाल्यांना मिळतो. बिअरवाल्यांना ढाबा बंद. पहाटे स्टेशन गाठायचं म्हणजे रात्री दहापर्यंत जेवून उठायला हवं.

म्हणून या आठांसाठी सात रस्ता, वरचा हॉल, खिडकीकडचं टेबल. विहीणबाई, बिअर आणि पोर हे तिन्ही वगळा, मी विचार न करता ढाब्याकडे गाडी वळवली असती, आणि तुमच्याकडे सगळे मटण खाणारे असतील तर तुम्हीही तेच करा, फक्त रविवार टाळा. नुसते सासू-सासरे असतील तर नवी पेठ. साडूंचं 'खरं सोलापुरी' मी गाडीच्या पिशवीत भरून देणार आहे. कडक भाकरीची चळत आणि कुटलेल्या चटणीचा पाव किलो. पुण्यापर्यंत पुरेल.

टेबल धरायला फोन केला तेव्हा काउंटरवरचा तोच माणूस होता. आवाज ओळखला असावा, कारण सर्व्हिस चार्जचा विषय त्याने आपण होऊन काढला, "नाही लावणार सर." मग म्हणाला, "भाकरी पाहिजे असेल तर आकडा आत्ताच सांगा. नऊ वाजता भाकरीवाल्या मावशी घरी जातात." बारा सांगितल्या.