कुठल्या कायद्याचे किती टक्के? चिपळूणच्या स्टँडमागचं अर्ज-टायपिंगचं दुकान

चिपळूणच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत झेरॉक्स आणि टायपिंगचं एक छोटं दुकान आहे. बोर्डावर 'सर्व प्रकारचे अर्ज टाईप करून मिळतील' एवढंच. आत दोन कॉम्प्युटर, एक बाकडं आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर गेलेली मातकट रेघ. २२ जुलै २०२१च्या पुराची. बाकी भिंत रंगवली, तेवढी रेघ त्यांनी ठेवली आहे. साठी उलटलेले एक काका आणि त्यांची सून असे दोघं दुकान चालवतात. आमच्या घरातली दोन कामं तिथे झाली, एक आमच्या ह्यांचं आणि एक धाकट्या भाऊजींचं, म्हणून सविस्तर लिहितेय. दुकानाचं नाव लिहू नका असं काकांनी सांगितलंय, टायपिंगला सून एकटीच असते. माजी सैनिकांचे नि अपंगांचे अर्ज कुठे लिहून मिळतात असं स्टँडवर विचारलंत तर कुणीही दाखवेल.

आधी ह्यांचं सांगते. हे पायदळात हवालदार होते, २००६ला पेन्शनवर घरी आले. २००३च्या जानेवारीत कुपवाड्याकडे रात्रीच्या गस्तीवर बर्फावरून घसरले नि डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पुढची तीन वर्षं हलक्या कामावर काढली. घरी येताना मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व लिहिलं आणि खाली लिहिलं, हे सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. त्या एका ओळीने अपंगत्वाची पेन्शन गेली. साधी पेन्शन येत राहिली. हे कुणाला काही बोलले नाहीत. खेड, दापोली, चिपळूण या पट्ट्यात गावोगावी पलटणीतली माणसं आहेत, आणि मिळालं ते मिळालं, मागायचं कसं, हीच बहुतेकांची रीत.

पुरात ह्यांची काळी ट्रंक पलंगाखालीच राहिली. जीव घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर गेलो, ट्रंक कुणाच्या लक्षात राहणार? तिसऱ्या दिवशी उघडली तर डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, बोर्डाचे कागद, सगळ्याचा एक लगदा. बॉलपेनने लिहिलेलं वाचता येत होतं, शिक्के पार धुऊन गेले होते. दोरीवर चिमटे लावून मी ते वाळवले आणि उरलेल्याची निदान झेरॉक्स असावी म्हणून त्या दुकानात गेले.

काकांनी कागद मशीनवर ठेवलेच नाहीत. एकेक उजेडात धरून मोठ्याने वाचायला लागले. पंधरा वर्षं आमच्या पलंगाखाली असलेलं ते सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, ते पडले तेव्हा ड्युटीवर होते की रजेवर?"

"गस्तीवर होते."

"मग इंज्युरी रिपोर्ट कुठाय?"

तो काय असतो हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांनाही धड आठवेना. जवान जखमी झाला की युनिट रिपोर्ट करतं, आणि माणूस त्या वेळी ड्युटीवर होता की नव्हता हे कमांडिंग ऑफिसर त्यावर लिहितो. ह्यांचा तो रिपोर्ट बोर्डासमोर आलाच नसावा, असं काकांचं म्हणणं पडलं. त्यांनी रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारातला अर्ज करून दिला. १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरी ते दुकानातच ठेवतात. कुठल्या पलटणीचे कागद कुठे मागायचे ते भिंतीवर लिहिलेलं आहे, मराठ्यांचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, असं. पाकीट आलं, त्यात तो रिपोर्ट होता. सही होती, आणि 'ड्युटीवर' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. हे तो कागद हातात घेऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मला म्हणाले, "साहेबांनी लिहिलं होतं गं."

पुढचं काम वकिलाचं होतं आणि ते काकांनी स्वतःकडे ठेवलं नाही. तारीखवार टिपण नि सगळ्या कागदांची यादी करून दिली. ती घेऊन आम्ही वकिलाकडे गेलो आणि प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठासमोर गेलं. २००७च्या कायद्याने हे न्यायाधिकरण झालं, त्याआधी जवानाला थेट हायकोर्टाचीच पायरी होती. निकाल आमच्या बाजूने लागला. ३० टक्क्यांचे ५० धरले गेले. पन्नासच्या आतले टक्के ५० धरायचे, पुढचे ७५ आणि त्याच्या वरचे १००, असा नियम आहे, आणि मुदत पूर्ण करून बाहेर पडलेल्यांनाही तो लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये सांगितलं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे ५० धरलेल्या ह्यांना १५ टक्के. साधी पेन्शन वेगळी.

मला काकांचं सर्वांत पटलं ते हे, की पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "पंधरा वर्षांची थकबाकी मिळणार नाही. उशिरा गेलं की मागची तीनच वर्षं धरतात, २००८चा निकाल आहे." त्याआधी एक एजंट घरी येऊन गेला होता. पूर्ण थकबाकी काढून देतो, वीस टक्के माझे, असं त्याचं बोलणं. काकांनी सगळ्या कामाचे मिळून ६४० रुपये घेतले.

चूकही झाली, ती लिहायला हवी. पहिल्या अर्जात ह्यांच्या आर्मी नंबरचा एक आकडा उलटा पडला आणि अर्ज परत आला. दोन महिने फुकट गेले. सुनेने नवा टाईप करून दिला, स्पीड पोस्टचे पैसेही त्यांनीच भरले. तेव्हापासून मी टाईप झालेलं मूळ कागदाशी बोट ठेवून ताडून बघते. तुम्हीही बघा.

आता भाऊजींचं. ते संगमेश्वरकडे एका चिरेखाणीवर होते. मार्च २०२२मध्ये चिरे कापायच्या मशीनच्या पात्यात उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकाने दवाखान्यात २५,००० रुपये दिले आणि आठवड्याने एका कागदावर सही घेतली, 'माझी काही तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही'. त्या सहीमुळे भाऊजी गप्प बसले. वीस महिने. सही केली म्हणजे शब्द दिला, असं म्हणायचे. मीच त्यांना ओढून दुकानात नेलं, २०२३च्या दिवाळीनंतर.

काकांनी तो कागद वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "याची किंमत शून्य. कामगारांच्या भरपाईचा १९२३चा कायदा आहे, कलम १७. भरपाईचा हक्क सोडला असं कामगाराकडून लिहून घेतलं तरी ते रद्दच." भाऊजींनी त्यांना ते वाक्य परत म्हणायला लावलं. मग काकांनी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे आकडे मांडले. हजेरी ५०० रुपये, महिन्याला सरासरी २४ दिवस, म्हणजे १२,०००. त्याचे ६० टक्के ७,२००. अपघाताच्या वेळी वय ४०, कायद्याच्या तक्त्यात त्या वयाचा गुणक १८४.१७. गुणाकार १३,२६,०२४. कायमचं पूर्ण अपंगत्व असतं तर एवढी रक्कम. एका हाताची तीन बोटं गेली की कायद्याच्या यादीत ३० टक्के लिहिलेले आहेत, म्हणून ३,९७,८०७ रुपये. देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळली तर निम्म्यापर्यंत दंड. औषधपाण्याचा खरा खर्च वेगळा.

भाऊजी त्या पानाकडे बघत राहिले. २५,००० त्यांनी उपकार म्हणून घेतले होते. मालकाच्या घरी गणपतीला जाऊन पायाही पडून आले होते.

दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो. चार महिने उरले होते. मालक म्हणत होता, हा माझा माणूसच नव्हे, मुकादमाचा. काकांनी सांगितलं की मुकादमामार्फत काम करवून घेतलं तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते, मग त्याने मुकादमाकडून वसूल करावी. हजेरीचा पुरावा कुठून आणायचा हा खरा प्रश्न होता, कारण खाणीवरच्या वहीत नाव नव्हतं. तो जाऊबाईंनी सोडवला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या भाऊजींचे खाडे मांडायच्या, पगार हिशेबाने येतो की नाही बघायला. दोन वर्षांची कॅलेंडरं माळ्यावर होती. सुनेने प्रत्येक पान रंगीत झेरॉक्स करून जोडलं आणि रंगीतचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

वकील फुकट मिळाला. १९८७चा विधी सेवा कायदा आहे, त्यात अपंग माणसाला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील देतात. त्यांचा हेल्पलाइन नंबर १५१००, काकांच्या टेबलाच्या काचेखाली मोठ्या अक्षरात आहे. खटला अजून चालू आहे. मध्ये २१ नोव्हेंबर २०२५पासून तो जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, त्यामुळे भाऊजी घाबरले होते. अपघात आधीचा, दावाही आधीचा, तेव्हा तो जुन्याच कायद्याने चालेल, असं काकांनी समजावलं. तारीख आधी विचारायची ही त्यांची पद्धतच आहे. फौजी आला की "बाहेर कधी पडलात?", कारण २१ सप्टेंबर २०२३पासून अपंगत्व पेन्शनचे नियम नवे आहेत. कामगार आला की "लागलं कधी?"

टक्क्यांचं जे कोडं आमच्या घरात दोन वर्षं होतं ते याच बाकड्यावर सुटलं. ह्यांचे ३०चे ५० झाले म्हणून ह्यांनी एसटीची सवलत मागितली, ती मिळाली नाही. भाऊजींचे भरपाईत ३० आणि दिव्यांग प्रमाणपत्रावर भलताच आकडा. जाऊबाई म्हणायच्या, डॉक्टर पैसे खातात. काकांनी तीन कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. सैन्याचा बोर्ड नोकरीतल्या दुखापतीचं मोजतो आणि ते पेन्शनपुरतं. भरपाईच्या कायद्यातली यादी कमाईची ताकद किती गेली ते धरते. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं प्रमाणपत्र शरीराचं मोजमाप करतं, कसं झालं ते विचारतच नाही. त्या कायद्यात पूर्वीच्या ७ ऐवजी २१ प्रकार आहेत, सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागा आहेत, पण त्या मिळवायला किमान ४० टक्के लागतात. एसटीच्या सवलतीलाही तेच प्रमाणपत्र. एका कायद्याचा आकडा दुसऱ्याच्या खिडकीवर चालत नाही. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर ह्यांच्या गुडघ्याला चार हेलपाटे कमी पडले असते.

एकदा माझ्यासमोर रक्तदाबामुळे घरी पाठवलेला एक माजी शिपाई बसला होता. त्याला काका २०१३च्या धरमवीर सिंग प्रकरणाचा निकाल मराठीत सांगत होते: भरती होताना तुझ्या कागदावर आजाराची नोंद नव्हती ना, मग आजार नोकरीमुळे नाही हे त्यांनी दाखवायचं, तू नाही. तो माणूस वही काढून लिहून घेत होता. काकांनी त्याला घाई केली नाही, मागे सहाजण उभे होते तरी.

आता ज्या गोष्टी मला खटकतात त्या. दुकानाला तीन उंच पायऱ्या आहेत, कठडा नाही. ह्यांना वर चढता येत नाही. काका खाली रिक्षाशी येऊन बोलतात, पावसात छत्री धरून येतात, हे खरं. पण जिथे येणाऱ्यांतले निम्मे कुबडी घेऊन येतात तिथे उतार नसावा हे मला मान्य नाही. लोकांसाठी उघड्या असलेल्या खाजगी जागाही सुगम्य असाव्यात असं २०१६चा कायदा सांगतो, आणि याचे निकष मर्जीवर सोडून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये म्हटलं आहे. मी काकांना हे तोंडावर सांगितलं. जागा भाड्याची, गटारावर उतार येतो म्हणून मालक नाही म्हणतो, असं उत्तर आलं. दुसरं, आत आडोसा नाही. बायकांना आपल्या नवऱ्याच्या जखमेबद्दल, कधी त्याच्या डोक्यावर झालेल्या परिणामाबद्दल, सहा परक्या माणसांसमोर बोलावं लागतं. एक बाई बोलता बोलता उठून गेलेली मी पाहिली आहे. ती परत आली की नाही मला माहीत नाही. एक पडदा तरी लावा, काका.

वेळ सकाळी १० ते दीड आणि ४ ते साडेसात. शिमग्याला पाच दिवस बंद, गणपतीत चाकरमान्यांची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. टाईपचं पान ३० रुपये. वाचून दाखवायचे पैसे घेत नाहीत.

जाताना मूळ कागद न्या, घटना कुठल्या तारखेला घडली ते आधी घरी नीट आठवून ठेवा, आणि औषधांच्या बिलांची झेरॉक्स आजच काढा. मेडिकलवाल्यांच्या मशीनचा कागद वर्षभरात फिका पडतो. भाऊजींनी सगळी बिलं पिशवीत जपून ठेवली होती, त्यातली नऊ आता कोरी आहेत.