जुन्या लाकडी फ्लूटच्या नावाखाली 2,890 पौंड गेले, घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

आकडा आधीच सांगते, लपवून काय उपयोग. 2,890 पौंड. त्यातले 1,000 आगाऊ, 1,650 पार्सल निघायच्या आधी आणि 240 परमिटचे म्हणून. तीन जुन्या फ्लूट ठरल्या होत्या, आठ कीजची (कीज म्हणजे भोकं झाकायच्या धातूच्या पट्ट्या) कोकसवुड या गडद लाकडाची 1,450 ला, चार कीजची बॉक्सवुड या फिकट लाकडाची 700 ला आणि एका कीची साधी 500 ला. आल्या दोन, आणि त्या दोन्हींपैकी एकही फोटोतली नाही.

विकणारा म्हणे खासगी संग्राहक, वय झालंय, संग्रह योग्य हातात जावा एवढीच इच्छा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, साइटचं कमिशन कशाला आपण डायरेक्टच बोलू. ही सगळी पद्धत तुम्हाला माहितीय, मलाही माहिती होती, त्यामुळे "एवढंही कळलं नाही का" असं कृपया कुणी विचारू नका. मी लाकडी फ्लूट वाजवते, जुन्या वाद्यांबद्दल वर्षानुवर्षं वाचतेय, आणि हा माणूस मला माहिती नसलेल्या गोष्टी सांगत होता! हेडजॉइंटच्या, म्हणजे फुंकायच्या वरच्या तुकड्याच्या, आत पितळी नळी असते, लाकूड आकसतं पण नळी आकसत नाही म्हणून जुन्या इंग्लिश फ्लूटला तिथेच तडा जातो, हे त्याने न विचारता सांगितलं आणि वर "माझ्याकडच्या आठ कीजवालीलाही बारीक तडा आहे, म्हणूनच किंमत कमी लावलीय" असंही म्हणाला. दोष स्वतःहून दाखवणाऱ्या माणसावर विश्वास बसणार नाही तर कोणावर बसणार?

आता ती जागा, जिथे थांबायला हवं होतं. रात्री अजून आठवलं की डोकं फिरतं. आठ कीजवालीवर रुडॉल अँड रोज या लंडनच्या जुन्या फ्लूट-कारागिरांचा शिक्का होता, खाली पत्ता 15 पियाझा, कॉव्हेंट गार्डन, आणि तो म्हणत होता ती 1845 च्या आसपास बनलेली. या कारागिरांचे पत्ते बदलत गेले आणि पत्त्यावरूनच फ्लूटचा काळ काढतात, पियाझाचा पत्ता त्यांनी 1830 च्या दशकातच सोडलेला. म्हणजे काही वर्षांचा फरक सरळ समोर दिसत होता, मला दिसलाही होता, मी तसं लिहून विचारलंही. त्याचं उत्तर आलं की जुने शिक्के कारखान्यात पडून असायचे, काही वर्षं वापरत राहायचे. शांतपणे, समजावल्यासारखं. आणि मला ते पटलं, कारण त्याआधी त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी तपासली होती आणि प्रत्येक खरी निघाली होती. सगळी मेख इथे आहे. हा माणूस नव्वद टक्के खरं बोलतो आणि खोटं नेमकं त्याच्या मध्ये ठेवतो. त्याच फोटोत शिक्क्याची अक्षरं धारदार होती आणि बोटं फिरून फिरून आजूबाजूचं लाकूड गुळगुळीत झालेलं, दोन्ही एकाच वयाचं कसं असेल! शिक्का साधारण एकापेक्षा जास्त जॉइंटवर मारलेला असतो, त्याने फोटो दिला एकाच जॉइंटचा. प्रत्येक तुकड्याचा वेगळा क्लोजअप मागा, दिला नाही तर विषय तिथेच संपवा.

व्हिडिओ कॉलही केला होता मी, तेवढी काळजी घेतली होती. वाजवून दाखवा म्हटलं तर म्हणाला बरीच वर्षं बंद आहे, एकदम फुंकली तर लाकूड तडकेल, रोज थोडं थोडं वाजवून सवय लावावी लागते. हेही खरंच आहे, मी स्वतः लोकांना हेच सांगते, मग त्याला काय बोलणार? रेकॉर्डिंग पाठवलं त्याने, ते दुसऱ्याच कुठल्या फ्लूटचं असणार हे आता कळतंय. रेकॉर्डिंगला काडीचाही अर्थ नाही, कॉलवर समोर एक सूर आणि बाजूला सूर मोजायचा ट्यूनर, बास. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी इंग्लिश फ्लूट 452 हर्ट्झच्या हाय पिचच्या, म्हणजे चढ्या सुराच्या असतात, आजच्या 440 वाल्यांबरोबर त्या वाजवताच येत नाहीत, त्यामुळे खरी असली तरी पिच विचाराच.

आणि ते 240 पौंड. फ्लूटच्या जोडांवरच्या रिंगा हस्तिदंती आहेत, सीमेपार पाठवायला सायटीसचं (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) परमिट लागेल म्हणाला. हस्तिदंताचा नियम खरा आहे आणि कडक आहे, परमिटशिवाय आणलं तर वाद्य जप्त होऊ शकतं, त्यामुळे मी उलट खूश झाले की माणूस कायद्याने चाललाय. परमिट म्हणून आलेल्या पीडीएफवर ना नंबर वाचता येत होता ना शिक्का. ते सरकारी खातं देतं, त्यामुळे नंबर घेऊन थेट त्या खात्याला विचारा, विकणाऱ्याला नाही.

पार्सलमधल्या त्या रिंगा प्लास्टिकच्या होत्या. खऱ्या हस्तिदंताच्या कापलेल्या कडेला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, इथे नुसता गुळगुळीत पिवळट रंग. आठ कीजवालीवर ओलं फडकं फिरवलं तर काळं निघालं, हलकं लाकूड रंगवलेलं. आणि कीज! फोटोत त्या लाकडातच कोरलेल्या ब्लॉकवर होत्या, आलेल्या फ्लूटवर स्क्रू केलेले धातूचे खांब. म्हणजे फोटोही दुसऱ्याच वाद्याचे. बॉक्सवुडवाली केळ्यासारखी वाकलेली, आणि एका कीची तर पाठवलीच नाही.

यानंतर जे झालं त्याचा राग मला त्या चोराच्या रागापेक्षा जास्त आहे. बँक म्हणते ट्रान्सफर तुम्ही स्वतः केलंय, पासवर्ड कोणी चोरला नाही, त्यामुळे ही फसवणूक नाही, हा खरेदीचा वाद आहे. पोलिसांना फोटो दाखवले, ब्लॉक आणि खांबातला फरक कागदावर काढून दाखवला, तर समोरचा म्हणतो बासरी मागवली होती, बासरीच आली ना? कुरियरकडे डिलिव्हर्ड अशी नोंद आहे आणि ती नोंद माझ्याऐवजी विकणाऱ्याच्याच कामाला येते. साइटवाले म्हणतात व्यवहार आमच्या बाहेर झाला. विकणारा परदेशात म्हणून इथले तिथे पाठवतात, तिथले म्हणतात आपल्या देशातल्या पोलिसांकडे जा. प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म, तोच मजकूर परत टाइप करायचा, आणि उत्तर म्हणून एक तक्रार क्रमांक. कोणी दरोडा घातला असता तर धावले असते, इथे मात्र एका बाईने जुन्या बासरीत पैसे घातले म्हणून चेहऱ्यावर हसू दाबतात. 2,890 पौंड ही हसण्याची रक्कम आहे का?

ज्यांचं अजून पार्सल यायचंय त्यांनी उघडताना सलग व्हिडिओ काढा, वजनाची चिठ्ठी दिसू द्या, दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून लेखी अहवाल घ्या. मी तो नंतर घेतला तर बँकेने विचारलं की हीच वस्तू पार्सलमधून निघाली कशावरून. आणि पैसे अशाच मार्गाने द्या जिथून परत मागता येतात, तो कितीही गोड बोलला तरी. दोन हप्ते केले म्हणजे धोका कमी होतो असं मलाही वाटलं होतं, पण पहिले 1,000 अडकले की ते सुटावेत म्हणूनच माणूस पुढचे भरतो.

तेच फोटो त्याने दुसऱ्या नावाने परत टाकलेत, मी पाहिलेत. हिरव्या मखमलीवर तीन फ्लूट तिरक्या ठेवलेल्या, मधलीच्या हेडजॉइंटला उजवीकडे तडा, पियाझाचा पत्ता आणि खाली 1845. दिसले तर त्याला काही न विचारता स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि मला पाठवा, माझ्या तक्रारीला जोडायचेत.