सॉसच्या पुडीतले मीठ: ‘आरोग्यदायी आणि जबाबदार’ झटपट जेवणाचा तीन महिन्यांचा अनुभव

कामाच्या दिवशी दुपारच्या जेवणासाठी माझ्या हातात जेमतेम वीस मिनिटे असतात, त्यामुळे ‘आरोग्यदायी’ आणि ‘जबाबदार’ ही दोन्ही विशेषणे एकाच फलकावर मिरवणाऱ्या झटपट जेवणाच्या साखळीची शाखा जवळच उघडली, तेव्हा मी तिथे नियमाने जाऊ लागले. तीन महिन्यांत तिथे चाळीसेक जेवणे झाल्यानंतर हे लिहिते आहे. साखळीचे नाव देत नाही, कारण मला जे खटकले ते या प्रकारच्या बहुतेक काउंटरांवर थोड्याफार फरकाने आढळेल.

आधी चांगले ते सांगते. वाडगा डोळ्यांसमोर भरला जातो. धान्य, डाळी किंवा मांस, भाज्या आणि सॉस हे सारे आपण निवडायचे असते. भाज्या ताज्या असतात, चार-पाच मिनिटांत जेवण हातात पडते आणि मुख्य म्हणजे अर्ध्या मापाचा वाडगा मागता येतो. झटपट जेवणात आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी सोय कोणती, असे विचारल्यास मी याच अर्ध्या मापाचे नाव घेईन, कारण इतरत्र काउंटरवरचा सारा आग्रह ‘मोठे घ्या’ असाच असतो.

घोळ आहे तो सॉसमध्ये. फलकावर प्रत्येक वाडग्यापुढे फक्त कॅलरी लिहिलेल्या आहेत आणि तो आकडा सॉसविना आहे, हे अगदी खाली बारीक अक्षरांत दिले आहे. संपूर्ण पोषणतक्ता मागितला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने गल्ल्याखालचे दोन खण उपसून घडी पडलेला एक कागद काढून दिला. त्यात माझ्या नेहमीच्या वाडग्यात ९०० मिलिग्रॅम सोडियम होते. सॉसच्या पुडीवर ४१० मिलिग्रॅम छापलेले होते, पण त्याखालीच ‘या पुडीत दोन सर्व्हिंग’ अशी ओळ होती, म्हणजे तो आकडा अर्ध्या पुडीचा होता. ती पुडी अर्धी वापरून उरलेली घरी नेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे पुडीचे ८२० आणि वाडग्याचे ९०० मिळून १,७२० मिलिग्रॅम झाले. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते, त्या हिशेबाने हे ४ ग्रॅमहून अधिक मीठ होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मिठाच्या आत आहे. हिरव्यागार दिसणाऱ्या एका जेवणात दिवसभराचे मीठ जवळपास संपले होते.

यात कोणाचा दुष्टपणा आहे असे मला वाटत नाही. ही कामाची पद्धतच अशी आहे. मध्यवर्ती स्वयंपाकघरात अन्न शिजवून थंड करायचे, गाडीने शाखांवर पाठवायचे आणि काउंटरवर फक्त जुळवायचे. थंड अन्नाची चव जिभेला मंद लागते, त्यातून भाज्यांना पाणी सुटून मसाला पातळ होतो आणि ही कसर भरून काढण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मीठ हाच असतो. कायदेही कॅलरीवरच थांबलेले दिसतात. अमेरिकेत २० किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना मे २०१८ पासून, तर इंग्लंडमध्ये २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांना एप्रिल २०२२ पासून मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, आणि भारतातही मोठ्या साखळ्यांना तसे बंधन आहे. न्यूयॉर्क शहराने डिसेंबर २०१५ पासून खारट पदार्थांपुढे मीठदाणीचे चिन्ह सक्तीचे केले हे खरे, पण ते लावायचे कधी, तर एका पदार्थात २,३०० मिलिग्रॅम किंवा अधिक सोडियम असेल तेव्हा! एका पदार्थात दिवसभराचे मीठ भरेपर्यंत ग्राहकाला इशारा मिळणार नाही, ही सावधगिरी मला अजब वाटते.

फलकावरच्या आणखी दोन दाव्यांविषयी थोडक्यात सांगते. ‘ट्रान्स फॅटमुक्त’ (म्हणजे हृदयाला घातक ठरणाऱ्या एका प्रकारच्या चरबीविना) ही बढाई आता बऱ्याच देशांत कायद्याचे साधे पालन आहे. डेन्मार्कने या चरबीवर मर्यादा २००३ मध्येच घातली होती. ‘केवळ फळांपासून बनवलेले’ पेय मी एकदाच घेतले. फळांच्या रसातली साखरसुद्धा जागतिक आरोग्य संघटना ‘मुक्त साखरे’तच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेप्रमाणे कमी खायच्या साखरेतच मोजते, तेव्हा पाणी घेणे बरे.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र शब्द आणि वस्तुस्थिती यांतले अंतर अधिक आहे. भिंतीवर हसऱ्या शेतकऱ्याचे मोठे छायाचित्र आणि त्याखाली ‘शेताशी थेट नाते’ हे वाक्य आहे. कोणते शेत, किती भाव, तपासणी कोण करते, असे मी कंपनीला ई-पत्राने विचारले, तेव्हा ‘आम्ही दर्जेदार पुरवठादारांसोबत काम करतो’ एवढेच उत्तर आले. सगळ्या मेनूत एका कॉफीवर तेवढे फेअरट्रेडचे, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव मिळाल्याच्या प्रमाणपत्राचे चिन्ह आहे. त्याला मी मान देते, कारण त्यामागे किमान भाव आणि उत्पादकांच्या संघाला मिळणारी जादा रक्कम यांचे लिखित नियम आहेत. पण कॉफीचे प्रमाणपत्र वाडग्यातल्या भाज्यांना लागू होत नाही.

खरी जबाबदारी कशी दिसते, याचे एक उदाहरण झटपट जेवणाच्याच धंद्यात आहे. फ्लोरिडातील इमोकली येथील टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांच्या संघटनेने २००१ मध्ये टॅको बेल या झटपट जेवणाच्या साखळीवर बहिष्कार पुकारला आणि २००५ मध्ये त्या कंपनीने टोमॅटोच्या दर पौंडामागे एक सेंट जादा देण्याचे मान्य केले. पुढे त्यातून ‘फेअर फूड प्रोग्रॅम’ उभा राहिला, ज्यात मजुराला तक्रार नोंदवता येते आणि शेतांची स्वतंत्र तपासणी होते. रक्कम ठरलेली आणि तपासणारा त्रयस्थ असला की ग्राहकाला छायाचित्राची गरज उरत नाही.

शेतापेक्षा जवळचे माणूस म्हणजे काउंटरवरचा कर्मचारी. स्वयंपाकघराच्या वर एक पडदा आहे आणि ऑर्डरला उशीर होऊ लागला की त्यावरचा आकडा लाल होतो. दुपारी अडीच वाजता मी त्या कागद शोधून देणाऱ्या मुलाला त्याच्या जेवणाची वेळ विचारली. “गर्दी ओसरली की, मॅडम,” एवढेच म्हणून तो पुढच्या वाडग्याकडे वळला. जबाबदारीच्या त्या लांबलचक फलकावर कर्मचाऱ्यांविषयी एक ओळही नाही, हे तोवर माझ्या लक्षातच आले नव्हते.

पॅकिंगविषयी माझी तक्रार सर्वांत मोठी आहे. वाडग्यावर ‘कंपोस्टेबल’ (कुजून खत होणारा) असे ठळक छापले आहे, पण आतला पीएलए या जैवप्लास्टिकचा थर विघटित व्हायला कंपोस्ट प्रकल्पातले सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि शाखेत तर सगळ्या कचऱ्याला मिळून एकच डबा आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२३ पासून २० हून अधिक आसने असलेल्या ठिकाणी बसून खाणाऱ्यांना धुऊन पुन्हा वापरता येणारी भांडीच द्यावी लागतात. इथे टेबलाशी बसले तरी फेकायचाच वाडगा मिळतो. कागदी वेष्टनाला तेल लागू नये म्हणून पीएफएएस ही निसर्गात सहजी नष्ट न होणारी रसायने वापरली आहेत का, असेही मी विचारले होते. डेन्मार्कने अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांचा वापर जुलै २०२० मध्येच बंद केला. त्यावर ‘आमचे वेष्टन अन्नासाठी सुरक्षित आहे’ असे उत्तर मिळाले, जे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मी जाणे थांबवलेले नाही, कारण वीस मिनिटांत मिळणाऱ्या पर्यायांपैकी हा अजूनही बरा आहे. आता अर्ध्या मापाचा वाडगा, भाज्या दुप्पट आणि सॉस वेगळा मागते आणि त्यातला चमचाभरच घालते. स्वतःचा डबा पुढे केला तेव्हा दोनदा स्वच्छतेचे कारण सांगून नकार मिळाला. तिसऱ्यांदा व्यवस्थापकांनी तो काउंटरच्या आत न घेता, आपल्या पळीने वरूनच भरायला सांगितले. तेव्हापासून ती अडचण आलेली नाही. पाचपैकी तीन गुण देते आणि त्यातला एक निव्वळ अर्ध्या मापासाठी आहे.