पेट्रोल पंपाच्या छताखाली मेटल हॅलाइड की एलईडी?

साताऱ्याहून कराडकडे जाताना हायवेवरचे पंप लांबूनच झगमगतात. समजा, छताखाली २५० वॅटचे आठ मेटल हॅलाइड (नळीतल्या वायूतून वीज जाऊन पेटणारे जुन्या पद्धतीचे दिवे) आहेत. चोकसकट ते सुमारे २,२०० वॅट खातात, म्हणजे बारा तासांच्या रात्रीला २६ युनिट. त्याच जागी १०० वॅटचे आठ एलईडी साडेनऊ युनिटांत भागवतात.

माझ्या मते बिलापेक्षा मोठा मुद्दा वेगळाच आहे. पावसाळ्यात वीज क्षणभर जरी गेली, तरी तापलेला मेटल हॅलाइड पुन्हा पेटायला पाच-दहा मिनिटं घेतो. तोवर अंधारात ट्रक, नोझल आणि माणसं! एलईडी लगेच लागतो. त्याचं दुखणं म्हणजे व्होल्टेजचे झटके. ते झटके अडवणारा सर्ज प्रोटेक्टर हवाच. स्वस्तातला निळसर-पांढरा दिवाही नको, अंधारातून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात. छतात सपाट बसणारा, ४००० केल्व्हिनचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर अशा पांढऱ्या उजेडाचा बरा.

मेटल हॅलाइड घेताना स्वस्त पडतो, एवढंच.

मात्र पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. त्यामुळे डिस्पेन्सरजवळच्या (पेट्रोल भरायच्या यंत्राजवळच्या) धोक्याच्या क्षेत्रात दिवा कुठलाही असो, पेसोची (स्फोटक व ज्वलनशील पदार्थांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता असलेला फ्लेमप्रूफच, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारा, लागतो. एलईडीला तिथे सवलत नाही.