बूटेबल पेनड्राइव्ह: रूफस, व्हेंटॉय की एचर?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून इंदूरच्या रामबाग, सुदामानगर भागातल्या मराठी घरांत एकच प्रश्न: जुन्या पीसीवर विंडोज ११ टाकायचं की लिनक्स? दोन्हींसाठी आधी बूटेबल पेनड्राइव्ह (ज्यावरून पीसी चालू करून नवी सिस्टिम टाकता येते असा) लागतो, आणि तो करून देणारी सॉफ्टवेअर फुकट आहेत.

फक्त विंडोज टाकायचं असेल तर डोळे मिटून रूफस. जेमतेम एक-दोन एमबीची फाइल, इन्स्टॉल करायची भानगड नाही. खरी करामत ‘स्टार्ट’ दाबल्यावर दिसते. एक छोटी खिडकी उघडते; तिथे टिक केलं की विंडोज ११ ची टीपीएम (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरनेच पीसी सुरू होऊ देणारी सोय) आणि ४ जीबी रॅमची अट निघून जाते. मायक्रोसॉफ्ट खात्याची सक्तीही तिथेच टाळता येते. मात्र पीसीत इंटेलचा जुना कोअर टू ड्युओ प्रोसेसर असेल तर नाद सोडा. २४एच२ (२०२४ ची आवृत्ती) पासून विंडोज ११ ला एसएसई ४.२ हा सूचनासंच असलेला प्रोसेसर लागतोच, तिथे रूफसही काही करू शकत नाही. ड्राइव्हची विभागणी कशी करायची तेही रूफस विचारतो: यूईएफआयने सुरू होणाऱ्या नव्या मशीनसाठी जीपीटी निवडा, बायोसने सुरू होणाऱ्या जुन्यासाठी एमबीआर.

नातेवाइकांचे पीसी कायम तुमच्याच गळ्यात पडत असतील तर व्हेंटॉय घ्या. तो पेनड्राइव्हवर एकदाच बसवायचा, पुढे आयएसओ फाइली (सिस्टिमची अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाइलमध्ये) नुसत्या कॉपी करायच्या. विंडोज, मिंट आणि उबंटू हे लिनक्सचे प्रकार, सगळं एकाच ड्राइव्हवर, चालू करताना मेनूतून हवं ते निवडा. रूफसमध्ये दर नव्या आयएसओला ड्राइव्ह पुसावा लागतो. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर व्हेंटॉय पहिल्यांदा निळी स्क्रीन दाखवून स्वतःची सुरक्षा-किल्ली (key) मशीनमध्ये नोंदवायला लावतो. बरेच जण तिथेच घाबरून परत फिरतात. त्याच्या सोर्स कोडमध्ये आधीच तयार केलेल्या, आत काय आहे ते वाचता न येणाऱ्या बायनरी फाइली असतात, यावर ओपन सोर्सवाल्यांचा आक्षेप आहे. घरी चालेल, ऑफिसच्या मशीनला मी लावणार नाही.

बलेना एचर मॅक किंवा लिनक्सवाल्यांसाठी. तीन बटणं, शिवाय लिहून झाल्यावर पडताळणी. पण विंडोजच्या आयएसओला तो उपयोगाचा नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल सरळ आहे, ८ जीबीचा ड्राइव्ह पुरतो, मात्र अटी जशाच्या तशा राहतात.

काहीही वापरा, ड्राइव्ह पुसला जाणारच. लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे हलवा. आणि स्वस्तात ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह मिळाला असेल तर रूफसमधली बॅड ब्लॉक (ड्राइव्हचे खराब भाग) तपासणी आधी चालवा. वेळ खूप खाते, पण खोटी क्षमता पकडते.